मॉडेलिंग एकात, अ‍ॅनिमेशन दुसऱ्यात: दोन सॉफ्टवेअरची जोडी जमवायची कशी

अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर ठरलेलं असतं, हात त्याच्यावर बसलेला असतो, पण त्यात थ्रीडी मॉडेलिंग, म्हणजे आकार घडवणं, एकतर नसतंच किंवा असून नसल्यासारखं असतं, मग प्रश्न येतो की कॅरेक्टर बनवायचं कशात. इथे बहुतेक जण थेट मॉडेलिंग सॉफ्टवेअरची तुलना करायला बसतात, कुणाचं स्कल्प्टिंग भारी, कुणाचे टूल्स फास्ट, कुणाचे ट्युटोरियल जास्त, आणि तिथेच घोळ होतो. जोडीनं काम करायचं असेल तर निवड उलट्या बाजूनं करायची. अ‍ॅनिमेशनवाल्या सॉफ्टवेअरला काय लागतं तिथून सुरुवात करायची आणि मागे मागे येत मॉडेलिंगपर्यंत पोचायचं.

अशी विभागणी जुनीच आहे. लाइटवेव्हमध्ये मॉडेलर आणि लेआउट असे दोन वेगळे प्रोग्रॅमच होते, एकात मॉडेल बनवायचं, दुसऱ्यात हलवायचं, आणि लोकांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. पण ते दोन्ही एकाच घरचे होते. आपण दोन वेगळ्या घरची सॉफ्टवेअर एकत्र बसवतो तेव्हा एकाचं मोजमाप वेगळं, दुसऱ्याचा वरचा अक्ष वेगळा, नावं ठेवायची पद्धत वेगळी, आणि हे सगळं मधल्या एका फाइलनं सांभाळायचं असतं. म्हणून आधी त्या मधल्या वाटेचा विचार करा, टूल्सचा नंतर.

पायरी १: कोण काय करणार ते कागदावर लिहा

तीन प्रश्न आहेत. हाडं म्हणजे स्केलेटन कुठे बनणार? मेशला, म्हणजे मॉडेलच्या जाळीला, हाडांशी बांधणं (स्किनिंग) आणि कुठलं हाड कुठल्या भागाला किती ओढणार ते रंगवणं (वेट पेंटिंग) कुठे होणार? आणि शेवटचं रेंडर, म्हणजे पक्की चित्रं काढणं, कुठे होणार? या तीन उत्तरांवर सगळं अवलंबून आहे.

उदाहरण घ्या. मिक्सामोला, म्हणजे रिग (हलवायचा सांगाडा) आपोआप बनवणाऱ्या सेवेला, तुम्ही नुसती मेश दिली तरी चालते, हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे आणि जांघ अशा जागी मार्कर ठेवले की तो रिग स्वतः बनवतो, अर्थात कॅरेक्टर माणसासारखं दोन पायांचं असेल तरच. मग तुमच्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये रिगिंग असलं काय आणि नसलं काय, विंग्ज थ्रीडीसारखा फक्त मॉडेलिंग करणारा छोटा फुकट प्रोग्रॅमसुद्धा पुरतो. याउलट मोशनबिल्डर घ्या, त्यात मॉडेलिंग जवळजवळ नाहीच, त्याला हाडं बांधलेलं कॅरेक्टर आयतं लागतं, टी-पोझमध्ये, म्हणजे हात आडवे पसरून, आणि झेड अक्षाच्या अधिक दिशेकडे तोंड करून उभं. तिथे नुसती मेश बनवणारं सॉफ्टवेअर घेऊन गेलात की अडकलात, मध्ये तिसरं सॉफ्टवेअर आणावं लागतं. कॅस्केडरचंही साधारण असंच, हाडं आणि स्किनिंग झालेलं मॉडेल आत आणायचं, मग त्याच्यावर त्याचा स्वतःचा कंट्रोल रिग उभा करायचा.

तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. अ‍ॅनिमेशन झाल्यावर रेंडर जर परत मॉडेलिंगवाल्या सॉफ्टवेअरमध्येच करायचं असेल, समजा ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमध्ये, तर वाट जाण्याची एक आणि येण्याची एक अशी दोन्हीकडून तपासावी लागते. जाताना नीट गेलेली गोष्ट येताना नीट येईलच असं नाही.

पायरी २: मधली फाइल कुठली ते बघा

अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरची इंपोर्ट यादी उघडा. बहुतेक ठिकाणी एफबीएक्स असेलच. हा फॉरमॅट मूळचा कायडारा कंपनीच्या फिल्मबॉक्सचा, म्हणजे आजच्या मोशनबिल्डरचा, आणि २००६ मध्ये एलियस कंपनी ऑटोडेस्कनं घेतली तेव्हा त्याच्यासोबत ऑटोडेस्ककडे आला. हाडं, वेट, ब्लेंड शेप (स्लायडर ओढला की मेश घेते ते बदललेले आकार), अ‍ॅनिमेशन सगळं यात जातं म्हणून कॅरेक्टरच्या कामात पहिली पसंती हीच. पण फॉरमॅट बंदिस्त आहे, तो वाचायची अधिकृत लायब्ररी ऑटोडेस्कची, तिचं लायसन्स ब्लेंडरच्या जीपीएल या खुल्या लायसन्सशी जुळत नाही म्हणून ब्लेंडरवाल्यांनी आपला वाचक आणि लेखक वेगळा लिहिला. त्यामुळे दोन सॉफ्टवेअर दोन्ही "आम्ही एफबीएक्स वाचतो" म्हणाली म्हणून ती एकच गोष्ट वाचतात असं समजू नका.

ओबीजे म्हणजे नुसता आकार आणि यूव्ही, म्हणजे टेक्स्चर कुठे बसतं त्याचा नकाशा. हाडं नाहीत, अ‍ॅनिमेशन नाही, मोजमापाचं युनिटसुद्धा फाइलमध्ये नसतं. तरी त्याला कमी लेखू नका, कारण चेहऱ्याचे शेप एकेक करून पाठवायला आणि झीब्रश या स्कल्प्टिंगच्या सॉफ्टवेअरमधून ये-जा करायला तो अजूनही सगळ्यात भरवशाचा आहे.

जीएलटीएफ, म्हणजे ख्रोनोस या संस्थेचा २०१७ मधला २.० आवृत्तीवाला, छान स्वच्छ फॉरमॅट आहे, मीटरमध्ये मोजतो, वाय अक्ष वर ठेवतो, हाडं आणि मॉर्फ (म्हणजे ब्लेंड शेपच) दोन्ही नेतो. पण त्यात सगळं त्रिकोणांत मोडतं आणि यूव्हीच्या शिवणीवर व्हर्टेक्स, म्हणजे मेशचे बिंदू, दुप्पट होतात, म्हणजे जायला मस्त, परत आणून मॉडेल दुरुस्त करायचं म्हटलं तर तुमच्या सुंदर चौकोनांचा चुरा झालेला असतो. वेब किंवा गेमकडे शेवटचं पाठवायचं असेल तेव्हाच वापरा.

अलेम्बिक २०११ मध्ये सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकनं आणला, तो हाडं नेत नाही, प्रत्येक फ्रेमला प्रत्येक व्हर्टेक्स कुठे आहे तेवढंच नेतो. म्हणून अ‍ॅनिमेशन पूर्ण झाल्यावर रेंडरकडे परत आणायला उत्तम, कारण बिघडायला काही उरतच नाही. पिक्सारचा यूएसडी २०१६ मध्ये खुला झाला आणि मोठ्या कामात तो पसरतोय, पण तुमच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कॅरेक्टरचा भाग, म्हणजे हाडं आणि वेट, खरंच चालतो का ते स्वतः तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

पायरी ३: अक्ष आणि मोजमाप

हा भाग कंटाळवाणा वाटतो पण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ब्लेंडरमध्ये झेड वर आणि एक युनिट म्हणजे एक मीटर. मायामध्ये मुळात वाय वर आणि सेंटिमीटर. थ्रीडीएस मॅक्समध्ये झेड वर. सिनेमा फोरडीत वाय वर पण तो डाव्या हाताचा, म्हणजे एक अक्ष उलट्या दिशेचा, हुडिनी वाय वर आणि मीटर. गेमच्या बाजूला युनिटी वाय वर, डाव्या हाताचं, मीटरचं, तर अनरियल झेड वर, डाव्या हाताचं, सेंटिमीटरचं. म्हणजे बहुतेक जोड्यांत कुठेतरी काहीतरी फिरणारच आहे किंवा १०० पटीनं वाढणार आहे.

ब्लेंडरमधून डीफॉल्ट सेटिंगवर एफबीएक्स काढून युनिटीत टाकलं की ऑब्जेक्टच्या खात्यात स्केल १०० आणि एक्समध्ये उणे ९० अंश दिसतात, हे ज्यानं पहिल्यांदा बघितलं असेल त्याला माहितीये की पोटात कसा गोळा येतो. नुसत्या खुर्चीला हे चालून जातं. पण हाडांच्या मुळाशी १०० चा स्केल बसला की कापडाचं सिम्युलेशन, हातात पकडवलेली वस्तू, एका कॅरेक्टरचं अ‍ॅनिमेशन दुसऱ्यावर नेणं, सगळीकडे तो स्केल मध्येमध्ये येत राहतो.

म्हणून मॉडेलिंग सॉफ्टवेअर निवडताना त्याच्या एक्सपोर्टच्या खिडकीत बघा, वरचा अक्ष, पुढचा अक्ष, स्केल कसा लावायचा, हे निवडता येतं का आणि ते प्रीसेट म्हणून सेव्ह करता येतं का. प्रीसेट सेव्ह होणं ही छोटी गोष्ट नाहीये, कारण दर वेळी हातानं सेटिंग करायचं म्हटलं की चाळिसाव्या वेळी एक टिक हमखास चुकते. आणि एक्सपोर्टच्या आधी ऑब्जेक्टचा स्केल आणि रोटेशन मेशमध्येच बसवून टाकायची सवय लावा, ब्लेंडरमध्ये कंट्रोल ए, मायामध्ये फ्रीझ ट्रान्सफॉर्मेशन्स. मायात सोबत हिस्टरीही (मेशवर केलेल्या कामांची नोंद) डिलीट करा, पण स्किनिंगच्या आधी, कारण स्किनिंग झाल्यावर केली तर बांधलेली हाडंच सुटतात.

पायरी ४: मॉडेलिंगचा प्रकार तुमच्या कामाला बसतो का

आता कुठे मॉडेलिंगकडे यायचं. आणि इथे खरी विभागणी ब्रँडची नसून सॉफ्टवेअर आकार कसा बनवतं याची आहे.

पॉलिगॉन मॉडेलिंगवाली, म्हणजे ब्लेंडर, माया, थ्रीडीएस मॅक्स, सिनेमा फोरडी, विंग्ज थ्रीडी, यांच्यात प्रत्येक कडा तुम्ही ठरवता, आणि अ‍ॅनिमेशनसाठी हेच लागतं. वाकणाऱ्या जागेला कडांची वर्तुळं, म्हणजे एज लूप, नेमकी लागतात. कोपर बघा. तिथे एकच लूप असेल तर हात वाकवल्यावर आतल्या बाजूला नळी चेपते, पाण्याचा पाइप दुमडल्यावर होतो तसं. तीन लूप ठेवा, एक बरोबर सांध्यावर आणि दोन त्याच्या आजूबाजूला, की बाहेरून कोपराचा आकार टिकतो आणि आत घडी नीट पडते. डोळे आणि तोंड यांच्याभोवती लूप गोल फिरायला हवेत, कारण तिथले स्नायूही गोलच फिरतात, आणि पाच कडा एकत्र येतात ते बिंदू गालाच्या अशा जागी ढकलायचे जिथे फार हालचाल नाही. हे तुम्हाला हातानं करता आलं पाहिजे, बाकी सगळी चकचकीत फीचर्स नंतर.

स्कल्प्टिंगवाली, म्हणजे मातीसारखा आकार घडवणारी झीब्रश आणि त्याच्यासारखी, आकार शोधायला अप्रतिम, पण तिथली लाखो पॉलिगॉनची मेश अ‍ॅनिमेशनला द्यायची नसते. तिच्यावरून हलकी मेश बनवावी लागते. झीब्रशमधला झीरिमेशर ती आपोआप करून देतो आणि दगड, प्राणी, कपडे यांना पुष्कळदा पुरतो, पण चेहऱ्यावर आणि खांद्यावर मी त्याच्यावर विसंबत नाही, तिथे रिटोपोलॉजी, म्हणजे वरून नवी मेश आखणं, हातानंच करतो आणि बारीक तपशील नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचवट्यांचा भास देणाऱ्या इमेजमध्ये, बेक करतो, म्हणजे छापून ठेवतो. म्हणजे झीब्रश घ्यायचं तर सोबत एक पॉलिगॉन मॉडेलर लागतोच, जोडीचं तिघांचं बिऱ्हाड होतं, हे आधी लक्षात घ्या.

कॅडसारखी, म्हणजे राइनो, मोआय, प्लास्टिसिटी, यंत्रं आणि गाड्यांना झकास. पण त्यातले वक्र पृष्ठभाग एक्सपोर्ट होताना लांबट त्रिकोण आणि अनेक बाजूंचे तुकडे होतात. रोबोचा हात न वाकता नुसता सांध्यात फिरतो, त्याला काही फरक पडत नाही. माणसाच्या हाताला ते अजिबात चालत नाही.

पायरी ५: खरी परीक्षा, एक नळी पाठवून बघा

ट्युटोरियल बघून, फीचरची यादी वाचून निवड करू नका. दोन्ही सॉफ्टवेअर उघडा आणि हा छोटा प्रयोग करा, पहिल्यांदा तासभर लागेल पण नंतरचे कित्येक आठवडे वाचतील.

आठ बाजूंचा एक सिलिंडर बनवा, एक मीटर उंच, खालची आणि वरची दोन्ही टोकं बंद. मधोमध तीन लूप द्या. यूव्ही उलगडा आणि एक साधा टेक्स्चर लावा ज्यावर एका बाजूला मोठा "क" लिहिलाय, कारण क उलटा झाला तर लगेच डोळ्यात भरतो. दोन हाडं टाका, नावं अशी द्या की त्यात डावं-उजवं येईल. एक ब्लेंड शेप बनवा, नळी मधे जरा फुगते एवढाच. आता एक्सपोर्ट करा.

अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर एकेक बघत जा. उंची १ मीटरच आहे का १०० झाली. उभी आहे का आडवी पडली. क सरळ आहे का. टेक्स्चर आलं का नुसती करडी मेश आली. वरच्या टोकाच्या हाडावर आणखी एक जादाचं छोटं हाड उगवलंय का, कारण ब्लेंडरच्या एक्सपोर्टमध्ये लीफ बोन नावाची टिक असते आणि ती काढली नाही तर प्रत्येक साखळीच्या टोकाला एक फालतू हाड येतं, बोटं धरली तर दोन हातांची दहा. हाड ९० अंशात वाकवा, घडी मॉडेलिंगमध्ये पडत होती तशीच पडते का. फुगवणारा स्लायडर दिसतो का आणि चालतो का.

नावं वाचा. ब्लेंडरमध्ये डाव्या-उजव्यासाठी नावाच्या शेवटी टिंब आणि एल किंवा आर लावतात, मायाला नावात टिंब चालत नाही, मग त्या टिंबाच्या जागी "एफबीएक्सएएससी०४६" असलं लांबलचक काहीतरी चिकटून येतं आणि सगळ्या हाडांच्या नावांची खिचडी होते. त्याऐवजी पहिल्यापासून अंडरस्कोर वापरा. ब्लेंडर अंडरस्कोरवालं डावं-उजवंसुद्धा ओळखतो, मग भांडण कशाला.

हाडाची दिशाही बघा. ब्लेंडरमध्ये हाड त्याच्या वाय अक्षाच्या दिशेनं लांब असतं, मायात लोक साधारणपणे एक्सच्या दिशेनं ठेवतात, त्यामुळे बोट मिटायला फिरवायचा अक्ष बदललेला असू शकतो. तुटत काही नाही, पण अ‍ॅनिमेटरचा हात चुकत राहतो. म्हणूनच माझं मत असंय की शक्य असेल तर हाडं अ‍ॅनिमेशनच्या बाजूलाच बनवा, मॉडेलिंगमधून फक्त स्वच्छ मेश, यूव्ही आणि शेप न्या. ये-जा करणाऱ्या गोष्टी जितक्या कमी तितकं चांगलं.

पायरी ६: आता परत जा आणि बदल करून आणा

नळी एकदा नीट गेली की लोक खूश होतात आणि थांबतात. पण खऱ्या कामात मॉडेल एकदाच कधी जातं का. नाक थोडं मोठं हवं, बाही लांब हवी, असं अर्ध्या अ‍ॅनिमेशननंतर येतंच. म्हणून त्याच नळीत मॉडेलिंगकडे जाऊन दोन बदल करा. पहिला, काही व्हर्टेक्स नुसते हलवा, संख्या तीच ठेवा, पुन्हा पाठवा. वेट आणि शेप टिकले पाहिजेत. टिकले नाहीत तर एक्सपोर्ट किंवा इंपोर्टमध्ये व्हर्टेक्सचा क्रम बदलतोय, आणि अशी जोडी कॅरेक्टरच्या कामाला घेऊ नका. दुसरा, एक लूप वाढवा आणि पाठवा. आता वेट तुटणारच, बघायचं ते हे की अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये जुन्या मेशवरून नव्या मेशवर वेट कॉपी करायची सोय आहे का. असेल तर निम्मी चिंता मिटली.

क्रमाचं मी एवढं सांगतोय कारण मला ते महागात पडलंय. एका चेहऱ्याचे तीसच्या आसपास शेप करून झाले होते, पापणी मिटणं, ओठ दुमडणं, गाल फुगवणं, सगळं, आणि मग ओठाखालचा एक लूप मला नको वाटला म्हणून मूळ चेहऱ्यातून काढला. मूळ चेहरा नवा पाठवला, शेप जुनेच होते. पापणीचा स्लायडर ओढला तर चेहरा कागदाचा बोळा करावा तसा आत गेला. ब्लेंड शेप "पापणी" वगैरे ओळखत नाही, तो फक्त म्हणतो व्हर्टेक्स नंबर ४१२ इतका खाली, आणि लूप काढल्यावर ४१२ नंबर कानाजवळच्या भलत्याच व्हर्टेक्सला गेला होता. ते सगळे शेप पुन्हा करण्यात जे दिवस गेले ते आठवले की अजून हळहळ वाटते. तेव्हापासून नियम एकच, शेप सुरू करायच्या आधी टोपोलॉजी, म्हणजे कडांची मांडणी, गोठवायची, फाइलच्या नावातच तसं लिहायचं, आणि व्हर्टेक्सची संख्या वहीत टिपायची. त्या संख्येतही एक गोम आहे, काही सॉफ्टवेअर, खास करून गेम इंजिन, यूव्हीची शिवण आणि कडक कडा असेल तिथे व्हर्टेक्स दोनदा मोजतात, त्यामुळे आकडा जास्त दिसला म्हणून लगेच घाबरू नका, तुलना एका सॉफ्टवेअरच्या आत जुन्या-नव्याची करा.

ब्लेंडरवाल्यांसाठी आणखी एक. शेप की (ब्लेंडरमधलं ब्लेंड शेपचं नाव) असलेल्या मेशवर मिररसारखा, म्हणजे मेशची रचना बदलणारा, मॉडिफायर अप्लाय, म्हणजे कायमचा पक्का, होत नाही आणि एफबीएक्स काढतानाही तो लागत नाही. म्हणजे दुसरी बाजू आरशासारखी दाखवणारा मिरर मॉडिफायर ठेवून अर्धाच चेहरा बनवलात आणि त्यावर शेप केले तर पलीकडे अर्धाच चेहरा जाईल. मिरर आधी अप्लाय करा, शेप नंतर. मेश बारीक करून गुळगुळीत करणारं सबडिव्हिजन मात्र अप्लाय करूच नका, हलकी मेश पाठवा, वेट तिच्यावर करा आणि गुळगुळीतपणा शेवटी रेंडरच्या वेळी लावा, पंधरावीस हजार व्हर्टेक्सवर वेट रंगवत बसण्यात काही अर्थ नाही.

पायरी ७: मटेरियल आणि बाकी किरकोळ

मटेरियल नेण्याची फार अपेक्षा ठेवू नका. साधा रंगाचा टेक्स्चर जातो, नोड जोडून बनवलेलं प्रोसीजरल, म्हणजे सूत्रानं तयार होणारं, काही जात नाही, ते इमेजमध्ये बेक करावं लागतं. तेव्हा मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये बेकिंग आहे का एवढं बघा. नॉर्मल मॅप पाठवल्यावर खड्डे उंचवट्यासारखे दिसायला लागले तर हिरवा चॅनल उलटा करा, ब्लेंडर, माया, युनिटी ओपनजीएलची पद्धत वापरतात आणि अनरियल डायरेक्टएक्सची. गेमसाठी असेल तर एका व्हर्टेक्सवर चारपेक्षा जास्त हाडांचे वेट ठेवू नका, पुष्कळ ठिकाणी तीच मर्यादा असते.

पायरी ८: लायसन्स आणि सॉफ्टवेअरचं आयुष्य

विद्यार्थ्यांसाठीची किंवा शिकाऊ आवृत्ती घेताय तर त्यात व्यावसायिक काम चालतं का, रेंडरवर वॉटरमार्क येतो का (हुडिनी अ‍ॅप्रेंटिसमध्ये येतो), आणि एक्सपोर्टवर काही बंधन आहे का ते आधी वाचा, कारण एक्सपोर्ट बंद असलेला मॉडेलर आपल्या जोडीत निरुपयोगी आहे.

आणि सॉफ्टवेअर बंद पडतात, चांगली चांगली पडतात. सॉफ्टइमेज बंद करत असल्याचं ऑटोडेस्कनं २०१४ मध्ये सांगितलं, मोडोचा विकास थांबवत असल्याचं फाउंड्रीनं २०२४ मध्ये सांगितलं, आणि दोन्हीवर जीव टाकणारी माणसं होती. जोडीत काम करणाऱ्याला इथे एक फायदा आहे, मधली फाइल नीट असेल तर एक बाजू बदलता येते. त्यासाठी प्रत्येक टप्पा पूर्ण झाला की मूळ फाइलसोबत एक एफबीएक्स आणि एक ओबीजे काढून ठेवा.

मग घ्यायचं काय

पैसे घालायचे नसतील आणि कॅरेक्टर करायची असतील तर ब्लेंडर, यात मला शंका नाही, २०१९ च्या २.८० नंतर तो शिकायलाही खूप सोपा झालाय, फक्त एक्सपोर्टचा प्रीसेट वरच्या नळीवर पक्का करून मगच खरं काम सुरू करा. अ‍ॅनिमेशन मोशनबिल्डरमध्ये असेल आणि माया परवडत असेल तर माया घ्या, अक्ष सारखा, युनिट सारखं, एफबीएक्स घरचाच, नळी पहिल्याच फटक्यात सरळ उभी राहायची शक्यता सगळ्यात जास्त. कॅरेक्टर वाकणारं नसून नुसत्या सांध्यात फिरणाऱ्या मशीन असतील तर कॅडवाला मॉडेलर बिनधास्त घ्या, प्रत्येक भाग वेगळा ठेवा आणि त्याचा पिव्हट, म्हणजे फिरण्याचा बिंदू, सांध्यावर बसवून पाठवा. आणि एखादं सॉफ्टवेअर तुम्हाला आधीपासून उत्तम येत असेल तर आधी त्याचीच नळी पाठवून बघा, पास झाली तर बदलायची काही गरज नाही, हाताला बसलेलं टूल सोडणं सगळ्यात महाग पडतं.

निवड झाली की ती नळीची फाइल डिलीट करू नका. दोन्हीपैकी कुठल्याही सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकलीत की आधी तीच पाठवायची, क सरळ आला की मग चालू प्रोजेक्टच्या फाइलला हात लावायचा.